चातुर्मासात सोडलेली गोळी

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. खाली तुम्ही विचारलं होतं, "आजी, ही आपली लहान आजी आहे का?" हो, तीच आहे. चेहरा पुसट केला असला तरी फाटक आपलं आहे, फाटकाजवळची सदाफुली आपली आहे आणि पायरीवर उलटं पडलेलं सूपही आपलंच आहे. वर लाल अक्षरांत जे लिहिलं आहे, की झोपेच्या गोळीने मेंदू पोखरला आणि वृद्धेला भरदिवसा झटका आला, ते मात्र खोटं आहे. झटका आला, हे खरं. बाकीचं खोटं.

हे फोनवर सांगायला गेले तर तुम्ही मध्येच "ओके आजी" म्हणाल आणि मला राग येईल, म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. छावणीतल्या नन्सच्या शाळेत शिकले, पुढे जन्मभर इंग्रजीच शिकवलं, तेव्हा मलाही काही जड गेलं नसतं. पण लहान आजीचं बोलणं इंग्रजीत आणलं की ती कुणी परकी बाई वाटायला लागते. अडलं तर बाबांना विचारा.

लहान आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ, हे तुम्हाला माहीत आहे. पिशोरची, शेतकऱ्याच्या घरातली. चौथीपर्यंत शाळा आणि त्यानंतर सगळं रानात. मला ती अक्का म्हणते. तिचे यजमान गेले तेव्हा तुम्ही फार लहान होता. त्यानंतर तिची झोपच उडाली. पहाटे मी उठावं तर ही ओट्यावर बसलेली, डोळे टक्क उघडे. डॉक्टरांनी एक बारीकशी गोळी लिहून दिली आणि थोडे दिवस घ्या म्हणाले. थोडे म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. पुढे ते डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे निघून गेले. चिठ्ठी घड्यांवर फाटली. मेडिकलवाला ओळखीचा झाला होता. तो हिला लांबून पाहूनच पाकीट काढून ठेवायचा. ती त्या गोळीला "माझी निजवणारी" म्हणायची. रात्री देवापुढचा दिवा शांत झाला की ती गोळी घ्यायची आणि सकाळी ताजीतवानी उठून माझ्याआधी चहा टाकायची.

त्या काळात आमच्या मराठी पेपरच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता. आजकालच्या झोपेच्या गोळ्या अगदी निर्धोक असतात, त्यांची सवय लागत नाही, बिनधास्त घ्या, असा त्याचा सूर. मीच तो तिला वाचून दाखवला होता आणि तिला फार बरं वाटलं होतं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे त्याच पेपरने, त्याच पुरवणीत, त्याच गोळीला गोड विष म्हटलं. आधी आपण काय छापलं होतं याचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नव्हता. पेपरला आठवण नसते. वाचणाऱ्याला असते, पण त्याला कोण विचारतो?

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर टीव्हीवर सकाळचा एक कार्यक्रम सुरू झाला. पांढरा कुर्ता घातलेला, गोड बोलणारा एक गृहस्थ. तो डॉक्टर होता की नाही हे कुणी सांगितलं नाही, पण गळ्यात तपासायची नळी होती. झोपेची गोळी म्हणजे मेंदूला लागलेली वाळवी, असं तो म्हणाला. वर्षानुवर्षं घेणाऱ्याला शेवटी पोटच्या पोराचंही नाव आठवत नाही, म्हणाला. आजच, आत्ताच, उचला आणि कचऱ्यात टाका. इच्छाशक्ती असली की झालं. आणि पुढचं वाक्य असं, की पहिले काही दिवस त्रास होईल, हात थरथरतील, घाम फुटेल, पण घाबरू नका, अंगातली घाण बाहेर पडते आहे असं समजा. मग पडद्यावर एका चूर्णाची डबी आली आणि तिच्याखालून फोन नंबर सरकत गेला.

हे पाहताना लहान आजी लसूण सोलत होती. तिचे हात थांबले. तिला एकच गोष्ट लागली, पोराचं नाव विसरण्याची. तिचा मुलगा, म्हणजे तुमचा काका, चिकलठाण्यातल्या एका कंपनीत आहे. आहे म्हणजे कंत्राटावर आहे. दर वर्षी ठेवतील की काढतील याची धाकधूक असते. तिचं सगळं जग तेवढंच.

आता चातुर्मासाचं सांगायला हवं, तिकडे तुम्हाला ते कळणार नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतच्या या चार महिन्यांत बायका एखादी आवडीची गोष्ट सोडतात. कांदा, वांगं, चहा, साखर, काहीही. देवासमोर बोलायचं आणि सोडायचं. याला नेम धरणं म्हणतात. नेम बहुतेक कुणाच्या तरी नावाने धरलेला असतो, नवऱ्याच्या नाहीतर मुलाबाळांच्या. आणि तो मोडला तर ज्याच्या नावाने धरला त्याला लागतो, अशी समजूत. माझा यावर विश्वास नाही. पण मी हे कधी तिच्या तोंडावर म्हटलं नव्हतं, कारण वांगं सोडल्याने कुणाचं वाईट होत नाही.

आपल्या कॉलनीच्या मागे विठ्ठलाचं छोटं देऊळ आहे. एकादशीला दुपारी भजनी मंडळाच्या बायका तिथे जमल्या होत्या आणि मीही गेले होते. एकीने वांगं सोडते म्हटल्यावर दुसरी म्हणाली, "तुला वांगं आवडतं कुठं? नावडतं सोडायला देव कशाला लागतो?" एकीने चहा सोडला, तेव्हा तिची नणंद म्हणाली, "मग आता घरच्यांनी गाव सोडावं." हसणं चालू होतं. तेवढ्यात लहान आजी उठली, पदराच्या गाठीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि विठ्ठलाच्या पायाशी ठेवलं. मुलाच्या नावाने नेम, म्हणाली. हसणं थांबलं. मग सगळ्यांनी तिचं इतकं कौतुक केलं की ती लाजली. तो कार्यक्रम सगळ्यांनीच पाहिलेला होता. पुजाऱ्याने पाकिटावर तुळस वाहिली आणि संध्याकाळी ते निर्माल्यात गेलं.

परतताना मी विचारलं, डॉक्टरांना विचारलंस का?

"देवाला देताना डाक्टरला इचारायचं असतं व्हय, अक्का?"

तिच्या मुलाला मी फोन केला. तो म्हणाला, "मोठी आई, टीव्हीवरपण तेच सांगत होते. बरंच झालं की." मी म्हटलं, इतक्या वर्षांची गोळी आहे, एकदा दाखवून तरी येऊ. सुट्टी मिळाली की बघतो, म्हणाला.

त्यानंतर ती झोपली नाही. डोळ्याला डोळा नाही. साध्या आवाजाने दचकायची. मुकुंदवाडी स्टेशनात गाडी शिटी देते, ती तिने इतकी वर्षं ऐकलेली, पण आता छातीवर हात ठेवून उठून बसायची. घामाने पोलकं भिजायचं. बोटं थरथरायची. मी म्हणाले, हे चांगलं लक्षण नाही, रिक्षा बोलावते. तर म्हणते, "सांगितलंच व्हतं की त्यांनी. घाण निघतीया." त्या माणसाने आधीच असं काही बांधून ठेवलं होतं की प्रत्येक नवा त्रास त्याच्याच बाजूने साक्ष द्यायला उभा राहायचा. मंडळातल्या बायका तिला बघायला यायच्या, थरथरते हात हातात घेऊन धीर द्यायच्या आणि कौतुक करून जायच्या. मी एकटी विरोधात. मला तर त्या मास्तरीण म्हणतात. मास्तरणीला देवधर्म कुठून कळणार?

एका सकाळी ती ओट्यावर बाजरी पाखडत होती. तिचं पाखडणं तुम्ही पाहिलेलं आहे. सूप नुसतं हलतं, भुसा पुढे जातो आणि दाणा जागचा हलत नाही. त्या दिवशी दाणे पायरीवर सांडत होते. मी म्हटलं, राहू दे. तिने माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण हे तिला कळलं असं मला वाटलं नाही. मग सूप उडालं आणि ती आडवी झाली. अंग ताठ, मान मागे, दातखीळ, हातपाय आपटायला लागले. शेजारची बाई चप्पल हुंगवायला घेऊन धावली, दुसरीने कांदा फोडला. मी दोघींनाही बाजूला केलं, तिला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली माझी ओढणी घातली. शाळेत मुलांसाठी म्हणून जे शिकून घेतलं होतं ते असं उपयोगी पडलं. पडताना तिचं मनगट मोडलं होतं, ते रिक्षात बसवल्यावर कळलं.

जालना रोडवरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि दुसरा, एवढ्यात कुठली बंद केली का. मी सांगितल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

"आजी, हा झटका गोळीने नाही आला," ती म्हणाली. "गोळी एकदम बंद केली, त्याने आला."

मग तिने सावकाश समजावलं. या गोळ्यांचे धोके खोटे नाहीत. म्हातारपणी तोल जातो, विसरायला होतं, सवय तर लागतेच. मुळात इतकी वर्षं द्यायलाच नको होती आणि न बघता तर मुळीच नको होती. पण इतक्या वर्षांनी मेंदूला तिचा आधार लागलेला असतो. तो एका दिवसात काढला की असं होतं. पुन्हा सुरू करायची आणि मग थोडी थोडी कमी करत, काही महिने घेऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडायची. सोडायची आहेच, ती म्हणाली, पण जिन्यावरून उतरतात तशी, गच्चीवरून उडी मारून नाही. आणि आत्ता सुरू केली नाही तर पुन्हा झटका येईल, आणि तेव्हा मनगटावर भागेलच असं नाही.

हे सगळं तुमच्या काकाने ऐकलं. मी ऐकलं. लहान आजीनेही ऐकलं आणि मान हलवली.

त्याच दुपारी भजनी मंडळातल्या एकीचा मुलगा भेटायला आला. तो कुठल्याशा स्थानिक चॅनेलला बातम्या पाठवतो. डाळिंबं आणली होती. चौकशी केली, काकाशी बाहेर बोलला. काका म्हणाला, आई झोपेच्या गोळ्या घ्यायची, आषाढीला एकदम बंद केल्या आणि फिट आली. त्या मुलाने यातलं पहिलं आणि शेवटचं ठेवलं आणि मधलं गाळलं. जाताना खाटेवर पडलेल्या तिचा फोटो घेतला आणि वाटेत आपल्या फाटकाचं चित्रीकरण करून गेला. तोच तुम्ही पाहिलेला व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरने ती बातमी उचलली आणि शेजारी चौकटीत सल्ला छापला, की अशा गोळ्या घरात असतील तर ताबडतोब फेका.

ताबडतोब. ज्या शब्दाने ती ओट्यावरून पडली, तोच शब्द चौकटीत.

मी त्या चॅनेलच्या ऑफिसात गेले. एका दुकानाच्या वरची खोली, दोन कॉम्प्युटर, भिंतीवर गणपती. मुलगा उठून उभा राहिला, पाया पडला, चहा मागवला. मी त्याला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, लिहूनही दिलं. त्याने मन लावून वाचलं. मी म्हटलं, आता हे दाखव.

"मॅडम, तुमचं बरोबर असंल," तो अदबीने म्हणाला. "पण ती बातमी झाली ना आता. हळूहळू कमी करा, याची बातमी कशी करायची?"

तो उर्मट असता तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावून आले असते. त्याने मला खाली रिक्षापर्यंत सोडलं आणि आईला नमस्कार सांगा म्हणाला, म्हणजे लहान आजीला. पेपरच्या ऑफिसात मला आतही जाता आलं नाही. वाचकांच्या पत्रासाठी ठेवलेल्या पेटीत मजकूर टाकून या, म्हणाले. छापून आला. माझं फक्त एवढं वाक्य ठेवलं होतं, की या गोळ्यांचे धोके खोटे नाहीत. बाकी सगळं जागेअभावी गेलं असावं. जन्मभर मी मुलांना उताऱ्याचा सारांश लिहायला शिकवला. असा सारांश एखाद्या मुलाने लिहिला असता तर त्याला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

घरी आणल्यावर खरी लढाई सुरू झाली. लहान आजीने गोळी घ्यायला साफ नकार दिला. मंडळातल्या बायका येऊन सांगून गेल्या होत्या, की बघ, किती वाईट गोळी, सोडली तरी सूड घेते. त्यातल्या दोघींनी आपल्याही गोळ्या टाकून दिल्या. एकीने झोपेच्या गोळीबरोबर रक्तदाबाचीही टाकली. मी त्यांच्या घरी जाऊन बोलले. ऐकून घेतलं दोघींनीही. पुढे काय केलं मला माहीत नाही.

लहान आजीचा मुद्दा सोपा होता. पेपरात आलं आहे, टीव्हीवर आलं आहे आणि झटका तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आला. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते विसरलीस? ती म्हणाली, ती लेकराच्या वयाची पोरगी, आणि पेपर सगळं गाव वाचतं. आणि समजा ती पोरगी खरं बोलत असली, तरी नेमाचं काय? काकाचं कंत्राट नेमकं त्याच महिन्यात संपत होतं. काका तिच्यासमोर रडला, आई, माझी नोकरी गेली तरी चालेल, तू गोळी घे. त्याने तर ती अधिकच घाबरली. नोकरी जाण्याचा शब्द त्याच्या तोंडून निघाला होता.

तिचा डावा हात प्लास्टरमध्ये, उजवा थरथरतो आहे, पापण्या फडफडताहेत, आणि मी समोर गोळी घेऊन बसलेली. माझ्याकडे शिक्षण होतं, डॉक्टरांचा कागद होता, वाद घालायची जन्माची सवय होती. त्यातलं काहीही तिच्या उपयोगाचं नव्हतं. मला तिच्या बाजूला जाऊन बसावं लागलं.

मी विचारलं, घरातल्या थोरलीने धाकटीचा नेम पुढे चालवला तर चालतो ना? तिने विचार केला. चालतो, म्हणाली. बाळंतपणात, आजारपणात चालतो. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांचा सोळा सोमवारांचा नेम तिने स्वतःच पुरा केला होता.

"मग तुझा मी घेते."

"तुला कुठं गोळी हाये सोडायला?"

"गोळी नाही. पेपर आहे."

तिला माहीत आहे, सकाळी पेपरवाला उशिरा आला तर मी फाटकाशी येरझाऱ्या घालते. एक मराठी, एक इंग्रजी, कॉलेजच्या दिवसांपासून. ते दोन्ही वाचून होईपर्यंत घरात कुणी माझ्याशी बोलत नाही.

"दोन्ही?" तिने विचारलं.

"दोन्ही. आणि टीव्हीवरच्या बातम्याही."

"तुला नाय जमायचं."

"तुला तरी कुठं जमलं?"

ती हसली. कितीतरी दिवसांनी. मग मी तिला घेऊन देवळात गेले आणि तिच्या विठ्ठलासमोर, तिच्या मुलाच्या नावाने, मोठ्याने नेम बोलले. न मानणाऱ्या माणसाला असं बोलताना काय वाटतं ते मला विचारू नका. मला संताप आला होता, एवढंच सांगते. एका डॉक्टरचं साधं, खरं वाक्य माझ्या जावेपर्यंत पोहोचवायला मला देवाच्या दारात येऊन नेम बोलावा लागत होता, आणि तेच वाक्य छापण्यासाठी ज्यांच्याकडे छापखाना होता, कॅमेरे होते, त्यांच्याकडे जागा नव्हती.

काकाचं कंत्राट पुढे वाढलं. लहान आजीच्या मते ते माझ्या पेपरमुळे. दोन्ही पेपर बंद आहेत. सकाळी चहा पिताना मी सदाफुलीकडे बघते आणि चिडते. कार्तिकीनंतर सुरू करीन म्हटलं होतं. आता इंग्रजी तेवढा करावा असं वाटतं, आणि तोही कशाला, असंही वाटतं.

डॉक्टरीणबाई दर भेटीत गोळी जरा कमी करते. आता अर्धी आहे. थरथर गेली, झोप तुटक का होईना येते, मनगट जुळलं. झटका पुन्हा आला नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, ती बरी आहे. पण तिला पटलं आहे असं समजू नका. तिच्या लेखी पेपर खरा, टीव्ही खरा आणि गोळी वाईटच. मंडळात कुणी विचारलं तर ती हेच सांगते, आणि ऐकणाऱ्या बायका माना डोलावतात. मी शेजारी बसलेली असले तरी सांगते.

गोळी ती घेते ती माझ्या शब्दाखातर. जेवणं झाली की मी सुरीने गोळीचे दोन भाग करते, एक डबीत ठेवते आणि एक घेऊन तिच्याकडे जाते. ती पाण्याचा तांब्या जवळ ओढते, तळहात पुढे करते आणि दर वेळी तेच म्हणते.

"दे अक्का, इख दे."

इख म्हणजे विष. मी देते आणि ती गिळून टाकते.